निवांतबाईंचा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव निवांतबाई पाडलं होतं, ते अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे मॅडमच म्हणायचे. शिकाऊ माणसाने गाडी फुटपाथवर चढवली तरी बाईंचा आवाज चढत नसे. शेजारच्या सीटवरून त्या एवढंच म्हणायच्या, "घाई नाही. पाय हळू उचला." त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, पण अगदी गळ्याशी आल्याशिवाय त्यांचा पाय त्यावर जात नसे. शिकवणाऱ्याने ऊठसूट ब्रेक दाबला की शिकणारा रस्ता बघायचंच सोडून देतो, असं त्यांचं ठाम मत.

स्कूल नवरा-बायको दोघांचं. नवरा दुसऱ्या गाडीवर शिकवायचा आणि त्याचा सगळा प्रकार उलटा. कोणी आडवं आलं की कानशिलं लाल, आवाज टिपेला, शिकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. आणि चहाचा कप रिकामा होईपर्यंत स्वारी सगळं विसरलेली. ती थंड डोक्याची आणि तो तापट, हा दोघांच्या स्वभावातला फरक, असं सगळ्यांना वाटे. बाईंनाही. आपल्या शांतपणाचा त्यांना जरासा तोराच होता म्हणा ना. आपण तो कष्टाने कमावला आहे, अशी त्यांची समजूत होती.

मग बाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयं काढून टाकावी लागली. जखम भरली, बाई कामावर आल्या, आणि पहिल्याच फेरीत पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागताच त्यांचा पाय ब्रेकवर. ट्रक चांगला लांब होता. शिकणारा दचकला आणि बाई त्याच्याहून जास्त दचकल्या. मग ते रोजचंच झालं. सायकल दिसली, दाब ब्रेक. कुत्रं नुसतं उठून उभं राहिलं, दाब ब्रेक. छातीत धडधड सुरू व्हायची ती घरी भाजी चिरायला बसल्यावरही थांबायची नाही.

नवरा म्हणाला, जरा मन घट्ट कर. बाईंना त्याचा असा राग आला की सांगायची सोय नाही. मनाला काय धाड भरली होती? ट्रक लांब आहे हे मनाला व्यवस्थित कळत होतं. पायाला कोण सांगणार?

डॉक्टरबाईंनी मात्र नीट समजावलं. धोका दिसला की शरीरात गजर होतो, तणावाची हार्मोन्स रक्तात उसळतात. तो गजर किती जोरात वाजावा आणि किती लवकर थांबावा, यात स्त्री-पुरुषांच्या आपापल्या हार्मोन्सचाही हात असतो. त्यामुळे एकाच प्रसंगात बाईचं आणि पुरुषाचं शरीर वेगळं वागू शकतं; एकाच बाईचंही महिन्याचे सगळे दिवस सारखं नसतं. स्वभाव, झोप, आयुष्यात भोगलेलं, हेही त्यात आलंच, आणि सगळ्यांना एकच माप लावता येत नाही, असंही त्यांनी बजावलं. पण पाळी जायच्या वयात जे हार्मोन हळूहळू ओसरतं, ते बाईंच्या अंगातून एका दुपारीत गेलं होतं.

"दारावरच्या बेलचं बटण अडकून बसतं ना, तसं झालंय तुमचं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग तेच हार्मोन गोळीतून द्या."

"तुमची गाठ त्याच हार्मोनवर वाढणारी होती. ती गोळी तुम्हाला नाही देता येणार."

दुसरी औषधं झाली, श्वासाचे व्यायाम झाले. झोप थोडी सुधारली, पाय काही सुधारला नाही.

बाईंनी सगळे विद्यार्थी नवऱ्याकडे वळवले. एक नर्स मात्र हटून बसली. ती परीक्षेत दोनदा नापास झालेली, आणि नवऱ्याच्या गाडीत एकदाच बसून रडत उतरलेली. शहराबाहेर आपापल्या घरी पडून असलेल्या रुग्णांना भेटी द्यायचं काम तिला मिळणार होतं, पण लायसन्स हातात असेल तरच, आणि या खेपेनंतर ती जागा तिच्यासाठी थांबणार नव्हती. परीक्षेचा नियम असा की परीक्षक मागे बसणार, शिकवणारा शेजारी, आणि शिकवणाऱ्याने ब्रेक दाबला की बझर वाजणार. बझर वाजला की नापास.

बाईंनी तिच्यापासून काही लपवलं नाही. ऑपरेशनचं सांगितलं, पायाचं सांगितलं.

"माहितीये मला," नर्स म्हणाली. "तरी तुम्हीच या, मॅडम. तुम्ही शेजारी असलात की माझं चित्त थाऱ्यावर राहतं."

इतक्या दिवसांत त्यांना असं कोणी म्हणालं नव्हतं. बाई हो म्हणून बसल्या.

परीक्षेच्या दिवशी नवरा सकाळपासून तिघांवर खेकसला आणि मग कुंपणापाशी चहा पीत उभा राहिला. बाईंनी उजव्या पायातली चप्पल काढली, पाय मुडपून सीटखाली घातला आणि पर्स गुडघ्यावर दाबून धरली. नर्सने गाडी काढली ती लोण्यातून सुरी फिरावी तशी. चौक झाला, चढ झाला, गाडी मागे घेणं झालं. शेवटच्या वळणावर दोन उभ्या गाड्यांमधून एक म्हातारा रस्त्यावर उतरला. नर्सने त्याला आधीच पाहिलं होतं. तिचा वेग उतरू लागला होता, आणि तिने त्याला पाहिलंय हे बाईंनाही दिसलं. पोरगी शिकली, असं त्यांच्या मनात येतही होतं.

तेवढ्यात बझर वाजला.

गाडी जागच्या जागी थांबली. म्हातारा समोरून निघून गेला, त्याला काही कळलंही नाही. नर्सने खाली आपल्याच पायांकडे पाहिलं, मग ब्रेकवरच्या बाईंच्या अनवाणी पावलाकडे. परीक्षक पुढे वाकून म्हणाला, की चालवण्यात काही चूक नव्हती, पण नियम म्हणजे नियम.

"चूक माझी आहे, ती पास आहे," बाई म्हणाल्या. परीक्षकाने नकारार्थी मान हलवली. बझर वाजतच होता.

नर्सच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. तरी बाईंनी शिकवलं होतं तसं तिने आधी हँडब्रेक ओढला, मग इंजिन बंद केलं. मग तिने बाईंचं मनगट हातात घेतलं, बोटं नाडीवर ठेवली आणि ठोके मोजले.

"घाई नाही," ती म्हणाली. "पाय हळू उचला."

बाईंनी मान डोलावली. पाय उचलायचा आहे, हे त्यांना व्यवस्थित कळत होतं. त्या पायाकडे बघत राहिल्या, आणि बझर वाजत राहिला.