घंटीचा चोर

आत्याबाईंचा जगात कोणावर विश्वास आहे, असं विचारलं तर इमारतीतले लोक जरा विचारात पडत आणि मग विषय बदलत. दूधवाल्याने माप काठोकाठ भरून दिलं तरी त्या पातेलं खिडकीशी नेऊन उजेडात बघत. पोस्टमनने पत्र दिलं की आधी पाकिटाचा डिंक तपासत, पत्र मागाहून वाचत. अर्थात हा स्वभाव काही त्यांनी जन्माला येताना आणला नव्हता. तो त्यांना नोकरीत चिकटला.

उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. लांबलचक खोली, भिंतभर भोकंच भोकं असलेले बोर्ड, त्यांच्यासमोर ओळीने बसलेल्या बायका, कानांना हेडफोन आणि हातांत वायरी. लाइन जोडायची आणि आपण बाजूला व्हायचं, असा कडक नियम. पण लाइन नीट लागली का हे बघायला क्षणभर कान द्यावाच लागतो, आणि तेवढ्यात माणसं आपली लक्तरं वेशीवर टांगून मोकळी होतात. "अजून ऑफिसातच आहे गं," म्हणणाऱ्याच्या मागे ग्लासांची खणखण. "अंथरुणातून उठवत नाही," म्हणणाऱ्या बाईच्या मागे पत्ते पिसल्याचा आवाज. आत्याबाई बोलणं ऐकतच नसत, बोलण्यामागचं ऐकत. माणूस बोलतो त्यातलं निम्मं खोटं असतं आणि उरलेलं अर्धवट, असं त्यांचं तरुणपणीच ठाम मत झालं. स्थळं आली नाहीत असं नाही. पण ती बिचारी फोनवरून आली.

त्यातूनच रेकॉर्डचा नाद लागला. तबकडी काल एक आणि आज एक असं बोलत नाही, हे त्यांना फार आवडलं. मोडीत निघालेली हॉटेलं, घर विकून जाणारी कुटुंबं, जुन्या बाजारातली दमट खोकी, कुठून कुठून त्यांनी तबकड्या गोळा केल्या. घेतानाही संशय होताच. कव्हर नाकाशी धरून वास घ्यायचा. डिंक, जुना पुठ्ठा, कोणाच्या तरी कपाटातल्या डांबरगोळ्या, एवढं चालेल. ओलीचा वास आला की परत. मग तबकडी तळव्यांच्या मध्ये कडेने धरायची आणि खिडकीकडे तिरकी करून बघायची. काळ्याभोर अंगावरून उजेड कसा सरकतो, कुठे अडखळतो, ते बघत त्या कितीतरी वेळ उभ्या राहत. "माणसंही अशी तिरकी धरून बघता आली असती तर!" असं म्हणून दुकानदाराकडे एक नजर टाकत.

घरी आणल्यावर मऊ फडक्याने गोल गोल पुसणं, सुईवर हलकी फुंकर आणि मग ती पहिली चरचर, तेल तापत आल्यासारखी. आत्याबाईंचं अर्धं सुख त्या चरचरीत होतं. गाणं काय, सगळ्यांचंच असतं. पण हा ओरखडा त्या समुद्राकाठच्या हॉटेलातला, ही टकटक कोणा घाईच्या माणसाने सुई आपटली तिची, असं प्रत्येक आवाजाचं मूळगाव त्यांना माहीत होतं.

एका तबकडीवर मात्र त्यांचा खास जीव होता. नाचाची धून, भलामोठा वाद्यवृंद, व्हायोलिनं अशी की खोली भरून जावी. बाकीच्यांना तेवढंच ऐकू यायचं. आत्याबाईंना ऐकू यायची ती पार मागे, भिंतीला टेकून बसलेल्या कोणा वादकाची घंटी. एवढीशी. तालाच्या किंचित मागून यायची. बहुधा त्या माणसाला डुलकी लागत असावी. किण्. ती आपल्यालाच सापडली, याचा आत्याबाईंना फार अभिमान होता.

आणि एका संध्याकाळी ती घंटी वाजलीच नाही.

त्यांनी सुई उचलून पुन्हा ठेवली. व्हायोलिनं आली, ढोल आला, घंटीच्या जागी नुसती पोकळी. पहिला संशय सुईवर. दुरुस्तीवाल्याला बोलावून त्याला दारातच झापलं, "नकली सुई टेकवलीस मला." तो बिचारा शपथा घ्यायला लागला, आणि शपथ घेणाऱ्याबद्दल आत्याबाईंचं मत काय असणार ते सांगायला नको. नवी सुई बसवताना त्या डोळ्यांची पापणी न लववता बघत उभ्या राहिल्या. घंटी आली नाही. म्हणजे सुई चोख, तबकडी झिजलेली. कोणीतरी ती आपल्या मागे घासून घासून वाजवतंय!

घरात माणसं तीन. भाऊ आणि वहिनी लवकर गेले, तेव्हापासून भाच्याला त्यांनीच वाढवलं होतं. तो आता लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत, लिफ्टच्या त्या विहिरीसारख्या पोकळीत लोंबकळत. त्याच्यावर संशय घ्यायला आत्याबाईंचं मन तयार होईना. उरली भाच्याची बायको. ती कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्रीवर होती. पहाटे जायची, दुपारी परत यायची, आणि नेमक्या त्याच वेळी आत्याबाई वाचनालयात असायच्या. सून अबोल. आणि न बोलणाऱ्या माणसाच्या मागचं ऐकणार तरी काय? आत्याबाई तिला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघत होत्या ते यासाठीच.

मग सुरू झाले सापळे. कपाटाच्या दारात केस चिकटवून ठेवला. केस जागेवर. तबकडीचं कव्हर मुद्दाम उलटं ठेवलं. तसंच उलटं. शेवटी प्लेअरच्या झाकणावर अंगाला लावायची पावडर बोटभर भुरभुरवली आणि वाचनालयात जाऊन पेपर उलटा धरून बसल्या. परत येऊन बघतात तो झाकण लख्ख!

"पकडलं!" आत्याबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की सून स्वयंपाकघरातून धावत आली. "कोणी हात लावला याला?"

"मी पुसलं," सून म्हणाली. "किती धूळ बसली होती, आत्या. पांढरी फटक."

"धूळ होती का ती? मी टाकलेली पावडर होती!"

"पावडर कशाला टाकलीत?"

आता याला काय उत्तर देणार? तरी आत्याबाईंनी दिलंच. उचलली जीभ लावली टाळ्याला. घंटी चोरलीस, तबकडीचा चोथा केलास, घरात चोर ठेवलाय मी, असं सगळं बोलून गेल्या. कामावरून आलेला भाचा हातातली पिशवी खाली न ठेवता दारात ऐकत उभा होता.

"आत्या, पुरे," तो म्हणाला. "कंपनी क्वार्टर देतेय. तुला एकटं वाटेल म्हणून मी इतके दिवस नको म्हणत होतो. उद्या हो म्हणून कळवतो."

 तबकड्यांनी भरलेलं कपाट आणि त्या, बस्स, एवढंच या घरात उरेल, हे आत्याबाईंना लख्ख दिसलं. तेव्हाच 'जाऊ नका' म्हणायला हवं होतं. पण चोराला 'जाऊ नको' कसं म्हणायचं, असा त्यांना पेच पडला आणि त्या आधीच लख्ख असलेलं झाकण पुसत बसल्या.

रविवारी खोकी आली. भाचा सुतळी आणायला गेला तेव्हा सून चपला घालून आत्याबाईंसमोर उभी राहिली. "मी जाईन. पण चोर म्हणून नाही जायची. चला, तुमच्या त्या रेकॉर्डच्या दुकानात. तिथे दुसरी असेल ना अशीच?"

दुकान एका जिन्याखाली होतं. आत जुन्या पुठ्ठ्याचा वास, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावं लागेल एवढीच वाट. दुकानदार आत्याबाईंना ओळखून होता. त्या आल्या की तो आपोआप ताठ व्हायचा. त्याने शोधून शोधून तीच धून काढली, बहुधा कोणी कधी न वाजवलेली, चकाकत होती. आत्याबाईंनी उजेडात धरली. एक चरा नाही. सुई टेकली.

व्हायोलिनं आली. ढोल आला. आत्याबाई मान तिरकी करून ऐकत राहिल्या आणि मग विजयाने म्हणाल्या, "बघा! यातही नाही! दोन्ही नकली."

दुकानदाराने सुनेकडे बघितलं, सुनेने त्याच्याकडे. आत्याबाईंनी ते टिपलं. झालं! दोघांचं साटंलोटं दिसतंय! तेवढ्यात त्यांचं लक्ष सुनेच्या हाताकडे गेलं. काउंटरवर टेकलेल्या हाताचं एक बोट मधूनच हलकं उचललं जात होतं.

"ते बोट कशाला नाचवतेस?"

"घंटी वाजतेय ना, आत्या. जरा मागून येते, तीच ना?"

कोणी दुसरी बाई असती तर तिथेच खाली बसली असती. पण या आत्याबाई. त्यांनी दुकानदाराला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, सुनेला रस्त्याकडे. "एकमेकांकडे बघायचं नाही. घंटी आली की बोट वर. आणि खोकायचंबिकायचं नाही," असं बजावून स्वतः मध्ये उभ्या राहिल्या आणि सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली.

धून सुरू झाली. दुकानदाराचं बोट वर गेलं, आणि त्याच क्षणी सुनेचंही. खाली आली. पुन्हा वर गेली, एकदम. दोन पाठमोरी माणसं, मध्ये आत्याबाई, आणि ती दोन बोटं जणू एकाच दोरीला बांधलेली. इकडे बघ, तिकडे बघ, त्यांची मान भिरभिरत होती. त्या दोन बोटांच्या मधोमध, आयुष्यभर आपल्या कानांच्या बढाया मारलेली ती बाई उभी होती आणि तिला काहीही ऐकू येत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं आयुष्यभर दुसऱ्यांना सुनावलं, आणि आता आपणच अंगणाला बोल लावत बसलो होतो. हे कळलं तेव्हा त्यांनी हळूच सुई उचलली. दुकानदार अजून भिंतीकडेच तोंड करून उभा होता.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वय झालं की बारीक आवाज आधी जातात, आणि ते परत येत नाहीत. आत्याबाईंनी त्यांच्याकडेही रोखून बघितलं. माणूस खरं बोलत होता, आणि या वेळी तो खोटारडा निघाला असता तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

घरी बांधाबांध चालूच होती. कोणी कोणाशी भांडत नव्हतं, बोलतही नव्हतं. दार लावून आत्याबाईंनी ती नाचाची धून लावली, आणि नवल म्हणजे घंटी आली! त्या हरखल्या. मग शंका आली म्हणून आवाज पार बंद केला, तबकडी नुसती फिरत राहिली, तरी घंटी आलीच. मग त्यांना धडकी भरली. या कपाटातलं आपल्याला खरोखर ऐकू येतं किती, आणि नुसतं आठवतं किती? आणि हे कधीपासून चाललंय? जगावर संशय घेता घेता स्वतःच्या कानांची झडती घ्यायची राहूनच गेली होती. त्या पलंगाच्या कडेला बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयात न जाता जिन्याखालच्या दुकानात गेल्या आणि एक तबकडी घेऊन आल्या. घरात आल्या तेव्हा सून भांडी कागदात गुंडाळत होती.

"सूनबाई, जरा बसतेस?"

सुनेचे हात थांबले नाहीत. "का? आणखी काही हरवलं का?"

बोलणं लागलं. लागायलाच हवं होतं. "हरवलंय," आत्याबाई म्हणाल्या, "पण तू नाही घेतलंस. तुला चोर म्हटलं ते माझं चुकलं. फार चुकलं." एवढं बोलताना त्या दोनदा अडखळल्या, कारण ही वाक्यं त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांच्या तोंडून, वायरीतून ऐकली होती. मग तबकडी पुढे केली. "ही मी कधीच ऐकलेली नाही. जुन्यांमध्ये काय काय होतं ते मला पाठ आहे, त्यामुळे काय गेलं ते तरी कळतं. हिच्यात मला काय ऐकू येत नाही, हेसुद्धा मला कळणार नाही. ते तू सांग."

सून बसली. सुई टेकली. आत्याबाईंना गंभीर, जाडसर तारांचा आवाज ऐकू येत होता, छान होता. सून डोळे बारीक करून ऐकत होती.

"मागे कोणीतरी शीळ घालतंय," ती म्हणाली. "अगदी हलकी. आता थांबली. आली बघा, परत आली."

आत्याबाईंनी मान पुढे काढली, कपाळाला आठ्या घातल्या. तारा, तारा, नुसत्या तारा. भाचा सुतळीचं बंडल घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि काय चाललंय ते त्याला कळेना.

"आणि मी थाप मारत असले तर?" सुनेने एकदम विचारलं. तिचा आवाज अजून कडकच होता. "शीळबीळ काही नाहीच, असं असलं तर? तुम्हाला कधी कळायचंही नाही, आत्या."

"नाही कळायचं," आत्याबाई म्हणाल्या. "सांग, अजून काय आहे?"

  सुनेने मांडीवरचं अर्धवट गुंडाळलेलं पातेलं खाली ठेवलं आणि खुर्ची प्लेअरच्या जवळ ओढली.

"पहिल्यापासून लावा," ती म्हणाली. "सुरुवातीचं माझं नीट ऐकायचं राहिलं."