महिपतीअण्णांची दगडी खोली

खराडीतल्या आमच्या शेजारच्या महिपतीअण्णांनी बंगला बांधला तो मुलाच्या पसंतीने. काचा, चकचकीत टाइल्स, प्रत्येक खोलीला एसी. अण्णांनी हट्ट धरला तो एकच. मागच्या अंगणात आपली एक खोली शहाबादी दगडाची हवी. नुसती फरशी नव्हे, भिंतीसुद्धा!

अण्णांचा जन्म ट्रक चालवण्यात गेला. शहाबादहून फरशी भरायची, पुण्यात उतरवायची. तिकडे जुनी घरं त्याच चुनखडीच्या दगडाची, हातभर जाड भिंतींची. माल भरेपर्यंत अशाच एखाद्या घरात, भर वैशाखात त्यांनी जी झोप काढली, तशी पुढे गादीवर कधी लागली नाही. त्यात घरी बायकोच्या, म्हणजे प्रेमलाकाकूंच्या, दुपारच्या मालिका. आता निवांत, एकट्याने झोपायचं, एवढंच त्यांचं मागणं.

"अण्णा, लोक हसतील," मुलगा रविराज म्हणाला.

"हसू दे. मी झोपलेला असंन."

दगड तिकडून आले, गवंडीही तिकडचेच. खोली उभी राहिली. आता माणसाने गुपचूप झोपावं की नाही? पण अण्णांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत ज्याचा त्याचा हात धरून भिंतीला लावायचे. "बघ, मे महिना हाय, पंखा बी नाय!" माझा हात तर रोज लागायचा.

व्हायचं तेच झालं. आधी सून तेजस्विनी लॅपटॉप घेऊन आली, "अण्णा, एकच मीटिंग, प्लीज." मग रविराज येऊन घोरू लागला. शेवटी काकू चटई घेऊन हजर. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी दाराला आतून कडी बसवली आणि जेवण होताच लावून घेतली.

काकूंनी दार बडवलं. मी कुंपणापाशी, फुकटचा तमाशा बघायला. दार किलकिलं झालं, अण्णांचं अर्धं तोंड बाहेर आलं.

"निजू दे की जरा!"

"अवो, सगळी उमर तुमी ट्रकात एकलंच निजला, आन् मी हितं एकली," काकू म्हणाल्या. "आता घरी ऱ्हायला आलात, तरी कडी लावूनच निजायचं व्हय?"

माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. तिथे उभं राहायचीही लाज वाटली. अण्णांनी दार सताड उघडलं, मान खाली घालून आत गेले आणि आपली वाकळ भिंतीकडे ओढून त्यांनी काकूंच्या चटईला जागा केली.