स्टिअरिंग डावीकडे ओढतंय

त्या सर्व्हिस सेंटरात मी तीनदा एकच तक्रार लिहून दिली: खड्डा आला की पिकअपचं स्टिअरिंग डावीकडे ओढतंय. तिन्ही वेळा मेस्त्री एकटाच एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, “काका, काय पण नाय. झकास चालते.” माझं टाळकं सटकायचं. अरे, अर्धं आयुष्य स्टिअरिंगवर गेलं माझं, मला शिकवतोस?

तिथल्या बाकड्यावर आणखीही पिकअपवाले असायचे. कुणाचं स्टिअरिंग जड, कुणाचं खडखडतंय. रोह्याचा एक मासळीवाला तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “कंपनी आपल्याला येडं समजते!” मला बरं वाटायचं. खरं सांगतो, गाडी ताब्यात मिळाल्यावरही मी तिथे उगाच बसून राहायचो. घरी जाऊन कुणाशी बोलणार? ही जाऊन सात महिने झाले होते, आणि एका कपाच्या चहात साखर किती घालायची ते मला अजून जमत नव्हतं.

माझं काम पेणच्या कारखान्यातून गणपती भरून रोह्याला पोचवायचं. त्या वर्षी पहिल्याच खेपेला कासूजवळ गाडी डाव्या अंगाला खेचली, चाक खड्ड्यात आदळलं आणि मागे पेंढ्यात बसवलेल्या दोन मूर्तींचे हात गेले. भंगलेली मूर्ती कोण घेणार? कारखानदार जुना माणूस, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “आता परत असं झालं तर मी दुसरी गाडी बोलवीन हां. राग मानू नको.” राग कसला? पण हे कामही गेलं असतं तर मी दिवसभर भिंतींकडे बघत बसलो असतो. त्याचीच मला भीती होती. म्हणून दोष गाडीतच निघायला हवा होता.

चौथ्यांदा गेलो तो भांडायलाच. मेस्त्रीला म्हटलं, “तू नको चालवूस. मी चालवतो, तू शेजारी बस, मग कळेल.” तो बसला. नेमकं वडखळपर्यंत नवीन डांबर पडलेलं, गाडी सरळच्या सरळ. ऐन वेळी मेली गुणाची झाली! पुढे उतारावर एकदाचा खड्डा आला आणि गाडी गेली डावीकडे.

“बघ! बघितलंस?” मी ओरडलो.

मेस्त्री रस्त्याकडे बघतच नव्हता. तो खाली बघत होता. माझा डावा हात त्याच्या छातीवर आडवा होता.

“काका,” तो हळूच म्हणाला, “हात.”

आमच्याकडे घरचा गणपती मागे मालात टाकून आणत नाहीत, मांडीवर घेऊन आणतात. दर वर्षी ही शेजारी बसायची, दोन्ही हात मूर्तीला. स्वतःला सावरायला हात कुठला? म्हणून खड्डा दिसला की मी डावा हात तिच्यापुढे आडवा घालायचो. पुढे पुढे मांडीवर गणपती नसला तरी घालायचो. ती खेकसायची, “मी काय पडतेय? गाडी चालली बाजूला, समोर बघा!” तसा हात परत यायचा, गाडीही रस्त्यावर यायची. आता हात जायचा तो मला कळतही नव्हता, आणि खेकसणारं शेजारी कुणी नव्हतं.

मेस्त्रीने तक्रारीचा कागद खाली काहीच न लिहिता परत दिला. गाडीचा दोष असता तर पार्ट बदलून मिळाला असता.

कारखानदाराला मीच जाऊन सगळं सांगितलं आणि म्हटलं, बोलव दुसरी गाडी. तो म्हणाला, “गाडी तुझीच ऱ्हाऊ दे. चालवायला माणूस ठेव.” धाटावच्या कंपनीतून सुटलेला एक ड्रायव्हर मिळाला. हात पक्का. त्या हंगामात एकाही मूर्तीचा टवका उडाला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरचा गणपती आणला. मांडीवर घेऊन मी तिच्या जागेवर बसलो होतो. कासूचा खड्डा आला. ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, असायला हवेत तसेच. गाडी सरळ गेली. मी मूर्ती घट्ट धरली, आणि माझ्यापुढे हात काही आला नाही.