बारा वीसचा मुहूर्त आणि तापलेली गाडी

आमच्या गाडीला एकच खोड होती. थंड असताना ती पहिल्या सेल्फला सुरू व्हायची, पण दहा किलोमीटर चालवून बंद केली की पंचवीस मिनिटं ढिम्म. पंचवीस म्हणजे पंचवीसच, मी घड्याळ लावून बघितलं होतं. गाडी सासऱ्यांच्या काळातली, पांढरी, गोल दिव्यांची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. सांगितलं की त्या गाडीवर जीव असलेली माणसं घरी येतात, चहा पितात आणि बॉनेटवरून हात फिरवत बसतात.

नवऱ्याने दोन वर्षांत जे बदलता येईल ते बदललं. बॅटरी बदलली, कॉइल बदलली, प्लग दोनदा बदलले. काहीच सुचेना तेव्हा सीटची कव्हरं बदलली. शहापूरचे आमचे मिस्त्री दर वेळी हात पुसत म्हणायचे, "गरम झाली का रुसते, वैनी. बाईमाणसाचीच जात."

"मी गरम झाले का बंद नाय होत, सुरू होते," मी म्हटलं. "तुमी गाडीचा बघा."

असंच चाललं असतं, पण नणंदेच्या मुलाचं लग्न ठरलं. नवरी मुरबाडची. मुलाने हट्ट धरला की आजोबांच्याच गाडीतून जाणार. नणंदेला एसीची भाड्याची गाडी हवी होती. मुहूर्त बारा वीसचा, आणि भटजींचं त्याच दिवशी धसईला दुसरं लग्न. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, बारा वीसला नवरदेव पाटावर नसेल तर मी निघालो, पुढचा मुहूर्त संध्याकाळचा. म्हणजे पाचशे माणसं आणि शिजलेला भात घेऊन संध्याकाळपर्यंत बसा.

"वैनी, माझा पोरगा रस्त्यात उभा राह्यला तर?" नणंदेने विचारलं.

"नाय राहणार. माझा शब्द."

शब्द दिल्यावर पंधरा दिवस हातात होते. मी नवऱ्याला पाने-स्क्रू ड्रायव्हर ठेवून द्यायला लावले. त्याची पद्धत अशी, की एका वेळी चार गोष्टी बदलायच्या आणि मग कशाने फरक पडला नाही यावर विचार करायचा. मी किन्हवलीपर्यंत गाडी तापवत नेली, झाडाखाली बंद केली, फडक्याने धरून प्लग काढला, त्याला वायर लावून इंजिनाला टेकवला आणि नवऱ्याला सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी निळी, ठसठशीत. म्हणजे करंट बरोबर होता आणि आतापर्यंत बदललेलं सगळं निर्दोष होतं. मग कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी काढली. सेल्फ मारला तर पेट्रोल यायच्या जागी नुसतं फुस्स.

पेट्रोल ओढणारा छोटा पंप इंजिनालाच चिकटून बसवलेला असतो. गाडी चालू असते तोवर त्यातून ताजं पेट्रोल जात राहतं. बंद केली की इंजिनाची सगळी धग त्याच्यावर, आतलं पेट्रोल उकळतं, आणि वाफ काही त्या पंपाला ओढता येत नाही. मी ओलं फडकं पंपावर गुंडाळलं. दोन मिनिटांत गाडी सुरू.

"एवढाच?" नवरा म्हणाला. इंजेक्शन न घेता ताप उतरलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा त्याचा झाला होता.

कायमचा इलाज म्हणजे विजेवर चालणारा पंप मागे टाकीजवळ बसवणं. तो मागवला, पण लग्नानंतर मिळणार होता. तोवर नियम साधा: घरून निघाल्यापासून मंडपापर्यंत इंजिन बंद करायचं नाही. शिवाय लागलंच तर पाच लिटर पाण्याचा कॅन.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची बस पुढे गेली. गाडी मी चालवत होते. शेजारी नवरा. तो नवरदेवाचा मामा, म्हणून वाटेतल्या प्रत्येक देवीला नारळ फोडायचं काम त्याचं. मागे नवरदेव, आणि त्याची थोरली बहीण करवली म्हणून मांडीवर करा घेऊन. करा म्हणजे पाण्याने भरलेला तांब्या, वर नारळ. नवरदेवाच्या घरातून तो नवरीच्या मंडपात न्यायचा, वाटेत खाली टेकवायचा नाही.

चार देव नीट पार पडले. मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसायचे, नवरा नारळ फोडायचा, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात द्यायचा, की पुढे. नारळ धुवायला, दगड धुवायला आणि स्वतःचे पाय धुवायला तो कॅनमधलंच पाणी वापरत होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

काळू नदीच्या पुलाजवळ पाचवी देवी. उतरता उतरता नवऱ्याने हात लांबवला आणि चावी फिरवली.

"अहो!"

"देवीसमोर घरघर बरी नाय दिसत," तो म्हणाला, आणि मग आपण काय केलं ते त्याला कळलं.

अकरा पन्नास झाले होते. गाडी आपोआप थंड होईपर्यंत सव्वाबारा, पुढे मुरबाड अजून दहा किलोमीटर. कॅन उचलला तर हलका. नदीत पाणी होतं, पण मे महिन्यातलं: खाली लांब, दगडांमधलं एक डबकं. मोटरसायकलवरून चाललेले दोन काका थांबले. एकाने वास घेऊन सांगितलं की पेट्रोल जास्त होऊन ओव्हर झालीय, दुसऱ्याने धक्का मारायला सांगितलं. मारला. गाडी पुढे गेली, सुरू झाली नाही.

"नवरदेवाला आमी सोडतो मोटरसायकलवर," पहिले काका म्हणाले.

"मामानं भाच्याला तिबलशीट धाडला म्हणतील," नवरा म्हणाला. "नारळाचा पाणी ओतू का गो पंपावर?"

"मुंग्या लागतील," मी म्हटलं, आणि माझी नजर करवलीच्या मांडीवर गेली.

तिने कऱ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. "मामी, तिकडं बघू पण नको."

"अर्धाच दे."

"पाच सवाशिणींनी भरलाय तो! आई मला जिती ठेवायची नाय."

मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेव ओरडला, "ताई, ओत गो! लगीन माझा हाय का त्या तांब्याचा?"

"ओतीन," ती म्हणाली, "पण खाली ठेवायची नाय. हातातूनच ओतीन."

फडकं कॅनच्या गडबडीत मागच्याच देवीजवळ राहिलं होतं. मी नवऱ्याच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं.

"नवीन हाय गो!"

"चावी कुणी फिरवली?"

ते मी पंपावर गुंडाळलं. शालू सावरत, एका हाताने नारळ वर उचलून, करवलीने उघड्या बॉनेटमध्ये बारीक धार धरली. उपरण्यातून वाफ निघाली. दोन मिनिटं थांबलो. तिसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. मोटरसायकलवाल्या काकांनी कऱ्याला हात जोडले. "पाण्यात पावर हाय," ते म्हणाले.

बारा दहाला मुरबाडातली मंडपाची कमान दिसली, आणि मला वाटलं झालं. पण कमानीच्या अलीकडे आमचंच वऱ्हाड बेंजो घेऊन उभं होतं. गाडी दिसताच ते समोर नाचायला लागले. गाडी आता मुंगीच्या चालीने. असं चालवलं की इंजिन बंद केल्याइतकाच पंप तापतो. मी हॉर्न वाजवला. त्यांना वाटलं, मामी खूश आहे. बेंजोवाल्याने हॉर्नचा ताल पकडला. मी लांब हॉर्न दिला, त्याने लांब सूर दिला.

मंडपातल्या लाऊडस्पीकरवर भटजींचा आवाज आला, "नवरदेवाला आत आणा, बारा सोळा झाले." इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं.

नाचणाऱ्यांना ढकलत नणंद खिडकीशी आली. "वैनी, तुझा शब्द!"

मी मागे वळले. "उतर," मी भाच्याला म्हटलं. "पळ."

तो मुंडावळ्या धरून पळाला. त्याच्यामागे करवली. करा अर्धा रिकामा असल्यामुळे तिला पळता आलं, भरलेला असता तर रस्ताभर सांडला असता. तिच्यामागे उपरण्याशिवाय नवरा. नाचणाऱ्यांना ही नवीन स्टेप वाटली आणि तेही पळाले, बेंजोवाला बेंजो वाजवत पळाला. बारा एकोणीसला नवरदेव पाटावर होता.

गाडी भर रस्त्यात, मागे एसटी हॉर्न मारतेय, म्हणून मी स्टिअरिंगवरच राहिले. पळता पळता कुणीतरी माझ्या मुठीत अक्षता कोंबल्या होत्या. लाऊडस्पीकरवर शेवटचं सावधान ऐकलं आणि मंडपाच्या दिशेने खिडकीतून टाकल्या. सगळ्या बॉनेटवर पडल्या. एसटीचा कंडक्टर उतरून विचारायला आला, त्यालाच मी सांगितलं की जरा आत जाऊन वाढप्याला म्हणा, एक ताट गाडीत पाठव, आणि तुमीपण जेवून घ्या, अजून वेळ लागेल.