झाकणावरचा शेंदूर

गजानन गेल्याचा निरोप घेऊन रामाकोन्याचा माणूस पांढुर्ण्याला आला, तेव्हा मी दुकानाच्या फळ्या काढत होतो. दोन दिवसांपूर्वीच मी त्याला पाहून आलो होतो. विषमज्वराने त्याची शुद्ध हरपली होती आणि तो एकच बोलत होता, "झाकण पाहा... पिन कोठी हाय..." त्याची आई, म्हणजे माझी आत्या, उशाशी बसून कपाळावरच्या ओल्या घड्या बदलत होती. "नाना, काय म्हणून राहिला रे हा?" तिने विचारलं. "तापात बरळून राहिला, आत्या," मी म्हणालो. त्या बोलण्याचा अर्थ फक्त मला ठाऊक होता, आणि तो आत्याला कळू नये एवढ्यासाठी माझ्या या आतेभावाने इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं होतं.

इंग्रज गेले तेव्हा सौंसरकडच्या एका मँगनीजच्या खाणीचा साहेब आपली जुनी मोटार विकून गेला. ती गजाननने घेतली. संत्र्यांच्या बागेत राबणाऱ्या माणसाने मोटार घ्यावी याचं लोकांना हसू आलं. मीही म्हणालो, "बैल कमी पडले का तुले?" तो म्हणाला, "बैल नागपूरले कधी पोचन?" त्याची बायको विमल, तिचं पहिलं बाळंतपण घरीच अडलं होतं आणि मूल हाती लागलं नव्हतं. पुढच्या वेळी दवाखाना गाठायचाच, एवढ्यासाठी ती मोटार होती.

पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने गोठ्यात उभी असायची. बागेपर्यंत नीट जायची. लांब नेली की काही मैलांवर आचके देऊन बंद. थोडं थांबलं की पुन्हा चालू. कधी मात्र पांढुर्ण्यापर्यंत एका दमात यायची. मी आकड्यांचा माणूस. मैल, ऊन, चढ सगळं ताडून पाहिलं, मेळ बसला नाही. गजाननने टाकी धुतली, नळी फुंकली, प्लग बदलले. गाडी थांबली की आधी झाकण उघडून काडीने पेट्रोल पाहायचं आणि मग कार्बोरेटर खोलायचा, ही त्याची रीत. विमल म्हणायची, "यायले माह्यापेक्षा त्या कार्बोरेटरचं तोंड जास्त ओळखीचं."

गाडी लांब निघाली की आत्या तिला जामसांवलीच्या मारोतीहून आणलेला, तेलात कालवलेला शेंदूर लावायची. पुढे नाही, मागे पेट्रोलच्या झाकणावर, अगदी मधोमध. "जेथून पिते तेथंच रक्षा पाहिजे," म्हणायची.

विमलला आठव्या महिन्यातच रक्तस्राव सुरू झाला. टाकी गजाननने स्वतः काठोकाठ भरली, आत्याने शेंदूर जरा जास्तच लावला. सौंसर ओलांडलं आणि गाडी थांबली. पेट्रोल भरल्याची खात्री होती, म्हणून त्याने त्या दिवशी झाकण उघडलंच नाही. कार्बोरेटर खोलला, जोडला. गाडी निघाली, पुन्हा थांबली... पुन्हा... नागपूर यायच्या आधीच मागच्या सीटवर विमल दगावली. मूलही.

मग गाडीला वर्षभर कोणी हात लावला नाही. एकदा मी पुन्हा मैलांचा विषय काढला, तेव्हा गजानन मला गोठ्यात घेऊन गेला. झाकणावरचा वाळलेला शेंदूर त्याने खरवडून ठेवला होता. खाली बारीक भोक होतं. पेट्रोल कमी होतं तशी तिथून टाकीत हवा जायला हवी. नाही गेली की पेट्रोल पुढे येत नाही. शेंदराची खपली पडली की गाडी धावायची. झाकण उघडलं तरी धावायची, आणि आम्हाला वाटायचं कार्बोरेटर साफ झाला. सगळा मेळ बसला. "त्या दिवशी नुसतं उघडलं असतं, नाना..." तो म्हणाला. मग झाकण परत लावत म्हणाला, "आईले सांगू नको. ती जगणार नाही."

तेव्हापासून आत्या शेंदूर लावून घरात वळली की गजानन टोपीच्या घडीतली पिन काढायचा आणि भोक मोकळं करायचा. गाडी पुन्हा बंद पडली नाही. गावातल्या अडलेल्या कितीतरी बाया त्याने नागपूरला पोचवल्या. पुढे राज्यांच्या हद्दी बदलल्या, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं. तो त्याच दवाखान्यात जात राहिला. आत्या शेजारणींना सांगायची, "मारोतीनं ऐकलं शेवटी." तो मान हलवायचा.

यंदा दसऱ्याला मी रामाकोन्याला गेलो. आत्या ताट घेऊन गोठ्यात आली. "सण आपल्याले नाही, नाना. गाडीले हाय." गजाननची टोपी सीटवरच होती. त्यातली पिन मी आधीच मुठीत घेतली होती. आत्या चाचपडत मागे गेली, शेंदराचं बोट उचललं आणि थांबली. तिला आता फारसं दिसत नाही.

"भोक कोठी हाय रे? बोट ठेव माह्यं."

मी तिचं डाव्या हाताचं बोट धरून त्यावर ठेवलं. ती ते उचलीना... मग मडगार्डचा आधार घेत पुढे आली आणि शेंदूर बॉनेटवर लावला.

"गजाननवर लिहून राहिला म्हणे तू," ती म्हणाली. "तापात बरळला नाही तो, नाना. खरं लिहिजो. विमलचंही."

ती घरात गेल्यावर मी पिन पुन्हा टोपीच्या घडीत खोवली. तिथे पिनेच्या जागी गंजाची एक बारीक रेघ उमटलेली आहे.