गोम सापडेपर्यंत

डावा डोळा बारीक करायचा, बोटाच्या पेराने वस्तूवर टकटक करायचं आणि म्हणायचं, "ह्यात गोम हाय." चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात हे गृहस्थ स्टोअर सांभाळत. आलेल्या मालावर टकटक करणं हे त्यांचं कामच होतं. पण ते कलिंगडावर, नव्या मॅनेजरच्या टेबलावर आणि एकदा तर माझ्या हेल्मेटवरही टकटक करून मोकळे झाले. डोकं आत होतं.

संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. यांची तऱ्हा निराळी. दोष सापडला की यांचा जीव निवांत होई. माझ्याशी बरेच महिने तुटक वागले, मग एकदा जवळ येऊन म्हणाले, "तुमी थापा मारताना मिशीला हात लावता. कळलं. आता भ्या न्हाय." तेव्हापासून आमची दोस्ती.

लेकीला शेजारच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून त्यांनी तिच्यासाठी एबीएसवाली मोटारसायकल घेतली. शोरूमवाला म्हणाला, या ब्रेकमुळे आता घसरायची चिंताच नाही. झालं! चिंताच नाही म्हणजे काहीतरी लपवलंय. लेकीला किल्ली मिळेना. गाडी पारखायला ते स्वतः चालवू लागले आणि मागं वजन हवं म्हणून मला बसवू लागले. लेक बसची वाट बघत उभी असे आणि तिच्याच गाडीवरून आम्ही दोघं पुढून जात असू. मी तिला हात करायचो. ती करत नसे.

एके सकाळी पुढची उसाची ट्रॉली अचानक थांबली. यांनी ब्रेक आवळला, लिव्हर हाताखाली धडधडली आणि यांनी दचकून ती सोडूनच दिली. पुन्हा दाबेपर्यंत ट्रॉलीबाहेर आलेला ऊस त्यांच्या हेल्मेटवर वाजला. टकटक.

"मी धरतोय अन् ही सोडतीया," ते घाम पुसत म्हणाले. "ही पोरीला देऊ व्हय?"

मेकॅनिकने समजावलं. चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग बघत असतो. चाक जाम होऊन घसरणार असं दिसलं की ब्रेकचा दाब क्षणभर सैल होतो, लगेच घट्ट होतो, पुन्हा सैल. डोळा लवेपर्यंत कितीतरी वेळा. ती धडधड म्हणजे यंत्र काम करतंय. तेव्हा लिव्हर सोडायची नाही. वळणात गाडी तिरकी असेल तर मात्र याचा भरवसा नाही, हेही यांनी खोदून विचारल्यावर त्याने कबूल केलं. यांचा डोळा आणखी बारीक झाला.

रविवारी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर परीक्षा. मागं वजन मीच. डांबरावर ब्रेक दाबला, धडधड झाली, यांनी धरून ठेवला. गाडी न घसरता नाकासमोर थांबली. हे नाराज. मग त्यांनी गाडी रस्त्याच्या कामासाठी पसरलेल्या सुट्या खडीवर घातली. ब्रेक दाबला. गाडी आडवी झाली नाही, पण थांबेना! यंत्र ब्रेक सोडत राहिलं आणि आम्ही बाभळीच्या झुडपापर्यंत गेलो. मी डोळे उघडले तेव्हा ते हसत होते. पहिल्यांदाच.

"सापडली की!"

संध्याकाळी दारात लेकीच्या हातात किल्ली ठेवली. "खडी दिसली की आदीच हळू. वळणाच्या आदी ब्रेक. अन् हाताला धडधडलं तर सोडायचं न्हाय, धरून ऱ्हायचं."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट चांगला आला म्हणून मी पेढे घेऊन गेलो. ते रिपोर्टाच्या पाकिटावर टकटक करत म्हणाले, "काय न्हाय म्हनत्यात. म्हंजी सापडली न्हाय." मलाही धीर वाटत नव्हता, पण मी मिशीला हात लावून म्हणालो, "छे, ठणठणीत आहात." त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि गुपचूप पेढा खाल्ला. महिन्याभरात ते गेले.

आता लेक मला कामावर सोडते. ती खडी अजून तशीच आहे. खडी यायच्या बरीच आधी ती वेग कमी करते. मागचे हॉर्न वाजवतात. ती ढिम्म. आरशात मला तिचा डावा डोळा दिसतो, बारीक केलेला.