ठोसा पायात व्हता

दौंडात एका बेकरीत मी पावाचं पीठ पायानं तुडवायचो. पाय रोज साबनानं धुवायचो, खरंच. पर इंजिनावरचा एक फायरमन गिऱ्हाइकांम्होरं पाव नाकाला लावायचा आन् इचारायचा, "काय रं, आज पाय धुतलंस का?" सगळा बाजार मला पायपाव म्हनाया लागला.

मी चिडून म्हनलो, "रेल्वेच्या हॉलात बॉक्सिंग खेळतोस न्हवं? मी येतो. मी जितलो तर ह्ये पायपाव बंद."

त्यापायी सा म्हैनं मी पीठ बसून हातानंच मळलं. दंड भोपळ्यावानी फुगलं. पाय मातूर आराम करत व्हतं.

हॉलात त्याच्या छातीत मी तीन ठोसं हानलं. त्यो हालला न्हाई, मीच मागं सरकलो. मंग त्यानं मागची टाच दाबली, गुडघा आन् कंबर वळवली, आन् एकच दिला. हालत्या इंजिनावर उभं ऱ्हाऊन कोळसा मारनाऱ्याचं पाय त्ये. मी उताना.

वाकून म्हनतो, "येड्या, ठोसा पायातनं येतो. पीठ तुडवून तुझं पाय लोखंड झालं व्हतं. बसाया कुनी सांगितलं?"

"तूच की, मुडद्या," मी पडल्या पडल्याच म्हनलो.

दुसऱ्या दिवशी पुन्यांदा पिठात उतरलो. त्यो आला, पाव नाकाला लावला, तेच इचारलं.

त्या दिवशी मातूर खरंच धुतलं न्हवतं.